तो मळ नव्हता

माझ्या मुलाच्या मानेवर मागच्या बाजूने एक काळपट पट्टा होता आणि जवळजवळ दीड वर्ष मी तो घासत होते. आधी साबण, मग डाळीचं पीठ आणि लिंबू, मग कुणीतरी सांगितलं म्हणून बटाट्याचा रस. रविवारी सकाळी त्याला बाथरूममध्ये स्टुलावर बसवायचं आणि घासायचं. तो "आई, दुखतंय" म्हणायचा. मी म्हणायचे, "मग नीट अंघोळ करत जा ना. एवढा घोडा झालास, मान धुता येत नाही?" एकदा तर टाचा घासायचा दगड घेतला. मान लाल झाली, पट्टा तिथेच.

तो मळ नव्हता.

जूनमध्ये साध्या खोकल्या-तापासाठी त्याला डॉक्टरांकडे नेलं. नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते म्हणून दुसऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी घसा बघितला, छाती तपासली आणि मग त्याला वळायला सांगून मानेवरून बोट फिरवलं. काखा बघितल्या. मी घाईघाईने म्हटलं, "अहो, घासते मी दर रविवारी, पण निघतच नाही." त्या म्हणाल्या, "निघणार नाही. घासू नका. ताप गेला की रक्त तपासून या. उपाशीपोटी."

खोकल्याला आणि रक्ताच्या साखरेला काय संबंध, असं मनात म्हणतच मी रिपोर्ट आणला. एचबीएवनसी ५.८. पाच पूर्णांक सातच्या खाली असायला हवं. यकृताचा आकडा वाढलेला. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, पहिली पायरी. मुलगा ११ वर्षांचा आहे. उंची १४२ सेंटिमीटर, वजन ५२ किलो. आमच्या घरात मधुमेह सासऱ्यांना झाला तो पंचावन्नाव्या वर्षी, आणि फॅटी लिव्हर म्हणजे दारू पिणाऱ्यांचा आजार, एवढंच मला माहीत होतं.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. पोटाभोवती चरबी वाढत गेली की शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं, आणखी सोडतं. साखर बरीच वर्षं आटोक्यात दिसते, कारण आत ही ओढाताण चालू असते. ते जादा इन्शुलिन कातडीच्या पेशींनाही वाढायला लावतं, आणि मानेवर, काखेत, कधी कोपरांवर कातडी जाडसर, मखमलीसारखी, काळी होते. म्हणजे रक्तात आकडा उमटायच्या आधी शरीर मानेवर लिहून दाखवत असतं. आणि आपण ते खोडायला डाळीचं पीठ लावतो.

ही पोस्ट लिहायचं पहिलं कारण हेच. आज रात्री मुलं झोपली की त्यांची मान बघा. काळा पट्टा दिसला आणि घासून जात नसेल, तर ओरडू नका, डॉक्टरांना दाखवा. काही मुलांत कारण दुसरंही असू शकतं, ते डॉक्टर ठरवतील. पण दगड घेऊ नका.

(लेकाचं नाव लिहिलेलं नाही. पोस्ट टाकायच्या आधी त्याला वाचून दाखवली. त्याने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत.)

आता दुसरं कारण. ते जरा लांबलचक आहे.

रिपोर्ट घरात कळल्यावर पहिल्या आठवड्यात जे झालं ते बहुतेक घरांत होत असेल. सासूबाई म्हणाल्या, "काही होत नाही, बाळसं आहे ते. उंची वाढली की उतरेल." नणंद म्हणाली, "वहिनी नोकरी करते ना, मग मुलाला बाहेरचं खायची सवय लागणारच." माझ्या माहेरी उलटं, "त्यांच्या घराण्यातच आहे." नवरा काही बोलला नाही, पण त्याने दुसऱ्या दिवशी मुलाच्या पानातली दुसरी पोळी उचलली. सगळ्यांसमोर. मुलगा जेवण अर्धं टाकून उठला, आणि रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात डब्यातले बेसनाचे लाडू खाताना मला सापडला. अंधारात. दिवाही लावला नव्हता त्याने.

त्या रात्री ठरवलं की पोळी मोजायच्या आधी दिवस मोजायचा. एक वही घेतली आणि आठवडाभर त्याचा दिवस लिहून काढला.

सकाळी ६.५० ला व्हॅन. दारातून लिफ्ट, लिफ्टमधून व्हॅन. साडेसात ते पावणेदोन शाळा. दोन मजले चढणं-उतरणं, एवढाच शाळेतला व्यायाम. पीटीचे तास आठवड्याला दोन. त्यातला एक त्या आठवड्यात गणिताला गेला, कारण युनिट टेस्ट तोंडावर होती. दुसऱ्यात पाऊस होता, म्हणून वर्गात बसून "शांत बसा" हा खेळ. घरी सव्वादोन. जेवण, टीव्हीसमोर अर्धा तास, ते मीच देते, कारण तेवढ्यात माझं ऑफिसचं काम उरकतं. चार ते सहा क्लास. स्कूटरवर सोडायचं, स्कूटरवर आणायचं. मग होमवर्क, मोबाइल, जेवण, झोप साडेदहाला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी घाम येईल, दम लागेल असं हललं पाहिजे. माझ्या वहीत सोमवारी ११ मिनिटं आली. मंगळवारी ८. शनिवारी २५, कारण त्या दिवशी लिफ्ट बंद होती.

हा मुलगा आळशी आहे असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते. अहो, आळस करायला तरी जागा आणि वेळ लागतो. या दिवसात त्याने पळायचं म्हटलं तर पळणार कधी आणि कुठे?

"कुठे" हा प्रश्न आला आणि मला २०२१ ची सभा आठवली.

आमची सोसायटी पाथर्डी फाट्याच्या बाजूला. ४४ फ्लॅट. बिल्डरने दिलेल्या नकाशात मागच्या बाजूला मोकळी जागा होती. फार मोठी नाही, पण दोन्ही टोकांना चपला ठेवून फुटबॉल होईल एवढी. माझा मुलगा तिथेच चालायला शिकला. मग गाड्या वाढल्या. एका घरात दोन, एका घरात तीन. रोज रात्री नऊनंतर वॉचमनशी भांडणं. त्यात एका रविवारी मुलांचा बॉल लागून खालच्या काकांच्या नव्या गाडीची काच फुटली. पुढच्या वार्षिक सभेत विषय आला, मागच्या जागेत पेव्हर ब्लॉक टाकून १४ गाड्यांचं पार्किंग करायचं. चर्चा दहा मिनिटं. हे नियमात बसतं का, असं कुणी विचारलं नाही. हात वर करा म्हणाले. जवळजवळ सगळ्यांनी केले.

मीही केला. आमची दुसरी गाडी तेव्हा रस्त्यावर उभी असायची, तिला खरवडून कुणीतरी गेलं होतं. आता ती मागे उभी राहते. ७ नंबरला, बरोबर जिथे चपलांचा गोल असायचा तिथे. भिंतीवर पाटी आहे : "येथे बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे."

म्हणजे माझ्या मुलाचं मैदान कुणा बिल्डरने, कुणा पुढाऱ्याने खाल्लेलं नाही. मी खाल्लं. आणि नंतर त्याला विचारत बसले, तू दिवसभर मोबाइल घेऊन का बसतोस?

खाण्याकडे येते, नाहीतर कुणीतरी लिहीलच, "ताई, मैदान सोडा, डबा काय देता ते सांगा." सांगते. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी नूडल्स, बुधवारी पोळीचा जॅम रोल, गुरुवारी पोहे, शुक्रवारी "काहीपण द्या" म्हणून शाळेनेच ठेवलेला दिवस. सकाळ-संध्याकाळ एकेक ग्लास दूध आणि त्यात ती चॉकलेटी पावडर. जाहिरातीतल्या आया ज्या विश्वासाने ती घालतात, तेवढ्याच विश्वासाने मी घालत होते. वही सुरू केल्यावर पहिल्यांदा डब्यामागचं बारीक अक्षर वाचलं. १०० ग्रॅम पावडरीत तीस ग्रॅमच्या वर साखर. आणि त्यावर मी घरची एक चमचा टाकत होते, कारण "त्याशिवाय पीत नाही". एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं होतं की असली पेयं "हेल्थ ड्रिंक" या नावाखाली दाखवू नका. ही बातमी मी वाचली होती. वाचून पुढे गेले होते. आपल्या घरातला डबा म्हणजे बातमीतला डबा नव्हे, असंच वाटतं ना आपल्याला.

मग व्हॅनची वाट बघताना पाच रुपयांचं पाकीट. पाच रुपये ही फार हुशारीने ठरवलेली किंमत आहे. आजोबांच्या खिशात असते, मावशी जाता जाता हातावर ठेवते, वाढदिवसाला वर्गात वाटता येते. पाच रुपयांत केळंसुद्धा कधी येतं, कधी येत नाही. पाकीट नेहमी येतं.

शाळेच्या फाटकापासून सगळ्यात जवळचं दुकान किती लांब आहे ते मी पावलांनी मोजलं. २६ पावलं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा २०२० चा नियम आहे की ज्यात चरबी, मीठ, साखर जास्त असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. माझी पावलं काही दोन मीटरची नाहीत. त्या दुकानाच्या दाराला पाकिटांच्या माळा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लटकवलेल्या असतात. दुकानदारावर माझा राग नाही, त्याचं पोट त्यावर आहे. आणि खरं सांगायचं तर हा नियम मला, पालक असून, माझ्या मुलाचा रिपोर्ट येईपर्यंत माहीत नव्हता. पालक सभेत विचारलं तेव्हा कळलं की तिथे कुणालाच माहीत नव्हता. हो, मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना "शुगर बोर्ड" लावायला सांगितलं, कुठल्या पदार्थात किती साखर ते दाखवणारा फलक. तो शाळेत लागला आहे. चांगला रंगीत आहे. कोल्ड्रिंकच्या बाटलीशेजारी साखरेचे चमचे काढलेत. त्याच जिन्याखाली वाढदिवसाच्या चॉकलेटांचे कागद पडलेले असतात.

आणि सरकारचं बघा. जानेवारी २०२५ च्या आर्थिक पाहणीत लिहिलं गेलं की अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांवर जास्त कर लावण्याचा विचार व्हावा. फेब्रुवारीत पंतप्रधान "मन की बात"मध्ये लठ्ठपणावर बोलले, तेल दहा टक्के कमी करा म्हणाले. सप्टेंबरात जीएसटी बदलला. बिस्किटं आणि चॉकलेटवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ वर आला, फरसाण-नमकीनवरचा १२ वरून ५ वर, इन्स्टंट नूडल्सही ५ टक्क्यांत. कोल्ड्रिंक तेवढं ४० टक्क्यांत ठेवलं. सणासुदीला स्वस्ताई झाली म्हणून आपण खूश झालो, मीही झाले. न्यायाने बोलायचं तर सायकलवरचा करही १२ वरून ५ झाला. पण सायकल चालवायला रस्ता लागतो, आणि बिस्किट खायला फक्त तोंड लागतं.

आता एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे, कारण ऑफिसमध्ये आला. एक सहकारी म्हणाले, "मॅडम, आपल्याच जिल्ह्यात सुरगाणा, पेठमध्ये मुलं कुपोषित आहेत, आणि तुम्ही एसीत बसून लठ्ठपणाचं रडगाणं लावलंय. हे श्रीमंतांचे चोचले." त्यांचं पूर्ण चूक नाही. राज्यात पाच वर्षांखालच्या साधारण दर तीन मुलांमागे एकाची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. हा आकडा माझ्या मुलाच्या वजनापेक्षा केव्हाही मोठा.

पण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, आणि हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन सांगितलेलं नाही, पुण्यात सापडलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा पिढीभर अभ्यास केला. ती बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं हडकुळी. पण मोजल्यावर दिसलं की कमी होते ते स्नायू, चरबी मात्र त्या मानाने शाबूत होती. आईच्या पोटात असतानाच शरीर टंचाईची तयारी करून बसलेलं. अशा शरीरासमोर पुढे पाच रुपयांची पाकिटं आली की ते काय करणार?

याज्ञिकांचा २००४ मधला एक फोटोही प्रसिद्ध आहे, "लॅन्सेट"मध्ये छापलेला. ते आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. कपड्यांवरून काही कळत नाही. म्हणून "माझा मुलगा बारीकच आहे, आमचा काही संबंध नाही" म्हणणाऱ्यांनीही इथेच थांबू नये. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातली १० ते १९ वयाची साधारण पाच टक्के मुलं जादा वजनाची निघाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली मात्र साधारण दहा टक्के. जाड दिसणाऱ्यांच्या दुप्पट. म्हणजे आपण ज्यांना काडीपहिलवान म्हणून हसतो त्यांच्यातलेही त्यात आहेत.

आणि सुरगाण्याच्या रस्त्यावर कधी गेलात तर टपऱ्या बघा. भाजी नसेल, दूध नसेल, पण पाकिटांच्या माळा आहेत. युनिसेफने २०२५ मध्ये सांगितलं की जगात ५ ते १९ वयोगटात पहिल्यांदाच लठ्ठ मुलांचं प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा वर गेलं, ९.४ विरुद्ध ९.२ टक्के. आपल्या देशात पाच वर्षांखालची जादा वजनाची मुलं कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्यांमध्ये २.१ टक्क्यांवरून ३.४ वर गेली. आकडे बारीक दिसतात. दिशा बघा.

बाकी दुखण्यांची यादी मी देत बसत नाही, गूगलवर आहे. एवढंच सांगते की मी ज्याला "गाढ झोपतो हो, घोरतोसुद्धा" म्हणून कौतुकाने सांगायचे, ते घोरणंही डॉक्टरांनी लिहून घेतलं. रात्रभर श्वास अडखळत असेल तर मूल सकाळी वर्गात पेंगतं आणि बाई डायरीत लिहितात, "लक्ष देत नाही." गुडघे दुखतात तेही याच हिशोबातलं. मुलींमध्ये पाळी लवकर येणं, पुढे पीसीओडी. माझ्या मैत्रिणीच्या मुलीला चौथीत पाळी आली. ती पोर अजून डबा खायला एकटी बसते.

सगळ्यात जास्त दुखणारी गोष्ट रिपोर्टमध्ये येतच नाही. माझा मुलगा पहिलीत असताना गॅदरिंगला गणपती झाला. काय गोड दिसत होता. दुसरीत पुन्हा गणपती. तिसरीत भीम. चौथीत कुंभकर्ण. चौथीत संवाद एकच, जांभई. सगळं सभागृह हसलं, मी व्हिडिओ काढत होते, मीही हसले. पाचवीत त्याने नाव दिलं नाही. मला वाटलं, वयात येतोय, लाजतो. आता वही लिहिताना त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "आई, मला पळणाऱ्या मावळ्याचं काम हवं होतं."

त्याला जाड्या, ढोल्या, डबल सीट म्हणणारी मुलं वाईट नाहीत. त्यांनी ते लग्नकार्यात गाल ओढणाऱ्या मोठ्या माणसांकडूनच उचललंय. "काय रे, कुठल्या चक्कीचं पीठ खातोस?" हे वाक्य म्हणणारे सगळे काका या पोस्टच्या खालीच असतील. बंद करा ते. चेष्टेने एकाही मुलाचं वजन कमी झालेलं मी बघितलं नाही. लाडू अंधारात खायला लागतं ते.

डॉक्टरांनी डाएट दिलं नाही याचं मला आधी आश्चर्य वाटलं. जिम नाही, पावडर नाही, उपास तर मुळीच नाही. म्हणाल्या, "वजन उतरवायच्या मागे लागू नका. आहे तिथे थोपवा. उंची वाढतेय त्याची, वर्षा-दोन वर्षांत तीच हिशोब जुळवेल." म्हणजे सासूबाईंचं अर्धं बरोबर होतं. उंचीने उतरतं, पण वजन जागेवर थांबलं तर. मी सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की चॉकलेटी पावडरीचा डबा त्यांनीच कामवाल्या मावशींना देऊन टाकला. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो, कारण मावशींनाही दोन नातू आहेत. डबा परत मागायला मीच गेले. फार लाजिरवाणं होतं ते. आता त्या डब्यात मेथ्या आहेत.

घरात जे बदललं ते सगळ्यांसाठी बदललं. एकट्या त्याच्या पानात वेगळं काही नाही. दूध साधं. कोल्ड्रिंक घरात येत नाही, नवऱ्यासाठीही नाही (त्याची कुरकुर चालू आहे). डब्यात उसळ, पोळी, काकडी, कधी शेंगदाण्याचा लाडू. शनिवारी मिसळ मात्र सोडलेली नाही. नाशिकमध्ये राहून ती सोडायची म्हणजे फारच झालं. टीव्ही बंद करून जेवतो. पोळ्या कुणी मोजत नाही. रोज रात्री जेवणानंतर तो आणि त्याचा बाबा चालायला जातात, आणि तिथे बाबाला शाळेतलं असं काय काय कळतं जे मला कधीच कळलं नव्हतं. चार महिन्यांत वजन ५२ चं ५१.५. उंची दोन सेंटिमीटर वाढली. पट्टा अजून आहे, थोडा फिकट. डॉक्टर म्हणाल्या, वेळ लागेल.

पण घरातल्या घरात होतं ते एवढंच. रात्रीचं चालणं म्हणजे खेळ नव्हे. अकरा वर्षांच्या पोराला बापाबरोबर फेऱ्या मारायच्या नसतात हो, त्याला दुसऱ्या पोरांच्या मागे जीव खाऊन पळायचं असतं, पडायचं असतं, आउट असताना नाही म्हणून भांडायचं असतं. ते मी डब्यात भरून देऊ शकत नाही. त्याला बाकीची पोरं लागतात आणि जमीन लागते. महिन्याला दोन-तीन हजार भरून टर्फवर पाठवणारे पाठवतात. त्यांना शुभेच्छा. आमच्या मावशींच्या नातवांनी काय करायचं?

म्हणून मी परत वही घेतली. दहा दिवस संध्याकाळी साडेपाचला बाल्कनीतून मागच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजल्या. १४ जागा. सगळ्यात जास्त गाड्या दिसल्या त्या दिवशी ६. बहुतेक दिवशी ४. बाकीच्या ऑफिसात असतात, सातनंतर येतात. म्हणजे आपण ज्या जागेसाठी मुलांना हाकललं ती जागा बरोबर त्यांच्या खेळायच्या वेळेला रिकामी पडलेली असते, पाटीसकट. पुढच्या बाजूला पाहुण्यांच्या गाड्यांसाठी ५ जागा आहेत. त्या वेळेला तिथे क्वचित एखादी असते.

तर सोसायटीच्या सभेत मी लेखी प्रस्ताव दिला आहे. रोज संध्याकाळी ५ ते ७ मागची जागा मुलांसाठी. त्या वेळेत घरी असलेल्या गाड्या पुढे लावायच्या. आमची ७ नंबरची गाडी आम्ही कायमची बाहेर काढतोय, ती विकायला काढली आहे. टेनिस बॉल नाही, प्लास्टिकचा बॉल. काच फुटली तर खर्च मुलांच्या आईबाबांनी वाटून घ्यायचा, तसं लिहून दिलंय. पहिल्या मजल्यावरच्या आजींना आवाजाचा त्रास होतो, त्यांच्याशी बोलून आले. त्या म्हणाल्या, "दुपारी तीनला नको, पाचला चालेल. एरवी तरी कोण दिसतंय मला?" पेव्हर ब्लॉकवर पडलं की गुडघे फुटतात, हे खरं आहे. फुटू देत. मलम आहे माझ्याकडे.

आत्तापर्यंत ११ सह्या झाल्यात. बारावी ज्या काकांची काच फुटली होती त्यांच्याकडे मागायची आहे, उद्या जाणार आहे.

सभा येत्या रविवारी सकाळी साडेदहाला, क्लब हाऊसमध्ये. विषयपत्रिकेवर हा विषय सगळ्यात शेवटी टाकलाय, लिफ्टच्या मेंटेनन्सनंतर, त्यामुळे चहा झाला की उठून जाऊ नका. आपल्या सोसायटीतले जे हे वाचत असतील त्यांनी थांबा. शेजारच्या सोसायट्यांमधले असाल तर आधी संध्याकाळी साडेपाचला तुमच्याकडच्या गाड्या मोजा आणि आकडा खाली कमेंटमध्ये लिहा.